आधी तिथी, मग तारीख : किनाऱ्यावरच्या भटकंतीविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की कोकणात उतरणाऱ्यांची पत्रे वाढतात. यंदाच्या पत्रांत बहुतेकांनी तारीख, गाडी आणि राहण्याची जागा आधीच ठरवली आहे आणि मग तिथे काय बघायला मिळेल असे विचारले आहे. किनाऱ्यावर हा क्रम उलटा लावावा लागतो. खडकातले जीव, खाडीतल्या मगरी, पाण्याखालचे प्रवाळ या सगळ्यांचे वेळापत्रक पाणी ठरवते आणि पाण्याचे वेळापत्रक चंद्र. त्यामुळे पहिला प्रश्न तोच घेतला आहे.

अलिबागला दुपारी पोचलो तेव्हा कुलाबा किल्ल्याभोवती पाणी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लोक चालत जाताना दिसले. मोबाइलला रेंज नसेल तर भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची?
*वाचक, सांगली*

भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. त्यात तिथी बघा, तिची पाऊणपट करा, तेवढे तास दुपारी बारात मिळवा. आली ती अलिबाग-मुरूडकडची भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती. ओहोटी तिच्या आधी आणि नंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी पावणेनऊ आणि रात्री सव्वानऊ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. पौर्णिमा आणि अमावस्या शून्य धरायची. मालवण-वेंगुर्ल्याकडे पाणी तासभर आधी चढते, तिथे बाराऐवजी अकरा धरा. रत्नागिरी या दोन्हींच्या मधे. हिशेबात अर्धा तास इकडे-तिकडे होतो, तेवढी सवड ठेवा.

वेळेइतकेच महत्त्व पाणी किती उतरते याला आहे. पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असते. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. इथेच गंमत होते. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते, सहलीला सोयीची वाटते, म्हणून लोक तो दिवस धरतात आणि किल्ल्याच्या वाटेवर पाणी तसेच उभे असते. कुलाब्याला पायी जायचे तर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम, सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान ओहोटी मिळते. ऐन ओहोटीच्या तासभर आधी किनाऱ्यावरून निघा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात परत या. किल्ल्यात आत रमलात की पाणी कधी वळले ते तटाआडून कळत नाही, अडकणारे बहुतेक असेच अडकतात.

आणखी एक लक्षात ठेवा. अलिबागकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढते-उतरते, मालवणकडे त्याच्या साधारण निम्मे. त्यामुळे उत्तरेकडे पाहिलेला भलामोठा उघडा किनारा दक्षिणेत शोधू नका.

मुलांना खडकातल्या डबक्यांतले जीव दाखवायचे आहेत. कुठे आणि कसे?
*वाचक, नाशिक*

जिथे वाळू संपून काळा कातळ समुद्रात शिरतो, तिथे कुठेही. हरिहरेश्वर, आंजर्ले, गणपतीपुळ्याच्या दोन्ही बाजू, मालवणचा खडकाळ किनारा, यांतले जवळचे निवडा. दिवस वर सांगितलेलेच, द्वितीया ते चतुर्थी. ऐन ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि उतरत्या पाण्याच्या मागोमाग चाला. पाणी फिरले की परत निघायचे, ही वेळ आधीच ठरवून घड्याळात गजर लावा.

पायात चपला नकोत. जुने, मागून बंद, खाचा असलेल्या तळव्याचे बूट हवेत. हिरवे शेवाळ निसरडे असते आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. कापलेच तर लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवा, कारण आत राहिलेला शिंपल्याचा कण जखम चिघळवतो.

डबक्याजवळ गेल्यावर दोन मिनिटे नुसते बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. हालचाल थांबली की शंखात राहणारे खेकडे, लहान गोबी मासे आणि समुद्रफुले आपोआप दिसू लागतात. दगड उलटलाच तर तसाच, त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला अंडी आणि स्पंज चिकटलेले असतात, ते उन्हात दहा मिनिटांत सुकतात. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जिवंत शंख हातात घेऊ नका. त्यातली गोगलगाय विषारी सुई मारते. मुलांना हे जाण्याआधीच सांगा, तिथे सांगून उपयोग नाही.

वेळासला कासवे बघायला मार्चमध्ये एक दिवस काढला आहे. पिल्ले नक्की दिसतील ना?
*वाचक, पुणे*

नक्की नाही, आणि नक्की म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे काम सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केले. आता आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर ते चालते. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूत येते, दीडेक फूट खोल खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. कोल्हे, कुत्री आणि माणसे यांच्यापासून वाचवण्यासाठी ती अंडी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यांत हलवली जातात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात. वाळू तापलेली असेल तर लवकर, गार असेल तर उशिरा. त्या उष्णतेवरच नर की मादी हेही ठरते. उबदार वाळूतून माद्या जास्त निघतात.

म्हणजे घरटे कधी झाले ते माहीत असले तरी पिल्ले कोणत्या दिवशी निघणार याचा फक्त अंदाज बांधता येतो. त्यासाठी एकच उपाय : दोन रात्री राहा. सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पाहतात. दोन रात्रींत अशा चार वेळा पदरात पडतात, एका दिवसात जेमतेम दोन. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत घरटी जास्त संख्येने पिकतात. निघण्याच्या आदल्या दिवशी गावात फोन करून कोणती घरटी दिवसांत आली आहेत ते विचारा.

पिल्ले पाण्याच्या काठावर न ठेवता काही अंतरावर वाळूत सोडतात, पाण्यापर्यंतचे अंतर ती स्वतः चालतात. दोरीच्या बाहेर उभे राहा, फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा, हात लावू नका. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालते, संध्याकाळी मोबाइलचा दिवा लागला तर ते मागे वळते. कासवाची ही जात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे हातात घेऊन काढलेला फोटो हा गुन्ह्याचा पुरावा ठरतो.

राहायची सोय घरगुती, जेवण बहुतेक घरांत शाकाहारी. बागमांडला-वेशवी फेरीने खाडी ओलांडली की वेशवीहून वेळास जवळ आहे.

रात्री दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर मादी चढताना दिसली तर लांब, तिच्या मागच्या बाजूला, दिवा न लावता बसा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. अंडी घालण्याआधी ती बिचकली तर तशीच परत फिरते.

हर्णैच्या लिलावात आम्हाला मासे घेता येतील का? ताजे कसे ओळखायचे?
*वाचक, कराड*

लिलाव बघा, बोली लावू नका. तिथे पाट्या आणि ढीग मोठ्या मापाने व्यापाऱ्यांना जातात. तुमच्या उपयोगाच्या आहेत त्या कडेला बसलेल्या बायका. लिलावातून घेतलेला माल त्याच तिथे किरकोळ विकतात. संध्याकाळी चारनंतर होड्यांचा माल किनाऱ्यावर येतो, तेव्हा जा. बैलगाड्या आणि पाट्या घेऊन धावणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नका. लहान मासळी वाट्याने मिळते, मोठी नगाने किंवा वजनाने. भाव विचारताना साफ करून, तुकडे पाडून देण्याचे पैसे यात धरले आहेत का तेही विचारा.

ताजेपणाची परीक्षा प्रत्येक माशाची थोडी वेगळी. बांगड्याचा डोळा फुगीर आणि काळाभोर हवा, पाठीवरचे पट्टे चमकते हवेत, आडवा हातात धरला की तो ताठ राहिला पाहिजे. पोट फुटलेला बांगडा स्वस्त दिला तरी नको. पापलेटाचा गलफडाजवळचा भाग दाबून बघा. पांढरट पाणी आले तर ठीक, लालसर मळकट आले तर जुने. सुरमईचा तुकडा कापलेला असेल तर मधल्या काट्याजवळचे मांस काट्याला घट्ट धरलेले असावे, सुटलेले नसावे. कोळंबीचे डोके काळे पडले असेल किंवा लोंबत असेल तर सोडून द्या. तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, मिटलेल्या हव्यात. उघडी असेल ती टिचकी मारल्यावर मिटली तर जिवंत. शिजवल्यावरही जी उघडत नाही ती टाकून द्या.

अमावस्येच्या आसपासची कुर्ली भरलेली असते हा किनाऱ्यावरचा पक्का समज. समजावर न जाता हातात घेऊन बघा. नुकतीच कात टाकलेली कुर्ली आकाराने मोठी पण वजनाला हलकी असते, आत पाणीच निघते. पोटाकडची बाजू अंगठ्याने दाबा, दबली तर नको. एकसारख्या आकाराच्या दोघींत जड असेल ती घ्या.

पाच-साडेपाच इंचांहून लहान पापलेट घेऊ नका, कितीही स्वस्त असले तरी. २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा केला तो त्याची संख्या घटते आहे म्हणूनच. वीण न झालेले पापलेट ताटात घेतले की पुढच्या वर्षीचे कमी होते.

एका खानावळीत बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात चेहरा लाल झाला, डोके ठणकले, अंगावर गांधी उठल्या. पूर्वी कधी झाले नव्हते. मला माशांची ॲलर्जी आहे का?
*वाचक, सोलापूर*

असेलच असे नाही. बांगडा, कुपा आणि त्यांच्या जातीचे मासे उन्हात किंवा बर्फाविना काही तास राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होणे, गांधी, डोकेदुखी, धडधड, कधी जुलाब, अशी लक्षणे दिसतात. एकाच माशातून जेवलेल्या दोघा-तिघांना एकदम झाले तर कारण बहुधा हेच. काहींना खाताना जिभेवर मिरीसारखी चुरचुर जाणवते, ती जाणवली की खाणे थांबवा.

मुख्य मुद्दा असा की हिस्टामिन तळून, उकळून किंवा पुन्हा गोठवून जात नाही. मसाला तर वास झाकतो. त्यामुळे घेतल्यापासून बर्फात ठेवणे एवढाच उपाय आहे. बाजारातून आणून गाडीच्या डिकीत तीन तास ठेवलेला बांगडा ताजा राहत नाही.

त्रास सहसा काही तासांत ओसरतो. पण श्वास लागला, घसा आवळला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली तर वाट न बघता दवाखाना गाठा. ती खरी ॲलर्जीही असू शकते. यापुढे ताजा, बर्फातला मासा खाऊनही असेच झाले तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. कोळंबी-कुर्लीची ॲलर्जी असणाऱ्यांनी खानावळीत आधीच सांगावे, एकाच तव्यावर आणि एकाच तेलात सगळे तळले जाते.

मालवणहून कोल्हापूर-पुण्यापर्यंत मासे खराब न होता कसे न्यावेत?
*वाचक, पुणे*

निघायच्या दिवशीच घ्या. तिथेच कल्ले आणि पोट काढून घ्या, कारण सडण्याची सुरुवात तिथून होते. मिठाच्या पाण्याने धुवा, निथळू द्या, प्लास्टिकच्या जाड पिशवीत एका थरात भरा, हवा काढून तोंड बांधा. थर्माकोलच्या खोक्यात तळाला चार बोटे बारीक बर्फ, त्यावर पिशव्या, त्यावर पुन्हा बर्फ. वजनाला माशाइतकाच बर्फ धरा, एप्रिल-मेमध्ये दीडपट. लादीचे मोठे तुकडे टाकू नका, त्यांच्यामधे हवा राहते आणि मासा गार होत नाही. झाकण चिकटपट्टीने सर्व बाजूंनी बंद करा. वितळलेले पाणी साचून पिशवी त्यात तरंगू लागली तर पाणी ओतून बर्फ भरा. एवढे केले की दहा-बारा तास बिनघोर. तुकडे करून नेण्यापेक्षा अख्खा मासा जास्त टिकतो. आधी मसाला लावून न्यायची युक्ती काही जण सांगतात. मीठ लागले की पाणी सुटते आणि मासा मऊ पडतो, त्यापेक्षा घरी गेल्यावर लावा.

सुकी मासळी घ्यायची तर आगोटीच्या आधी, एप्रिल-मेमध्ये. हाताला कोरडी, कडक लागली पाहिजे. वाकवल्यावर लवचिक वाटली तर आत ओल आहे, पावसात बुरशी धरेल. वाळूवर वाळवलेल्यापेक्षा मांडवावर किंवा दोरीवर वाळवलेली घ्या, दाताखाली कचकच येत नाही.

कोकणात प्यायलेली सोलकढी घरी जमत नाही. कधी फाटते, कधी फिकी होते.
*वाचक, छत्रपती संभाजीनगर*

फाटते ती उष्णतेने. नारळाचे दूध आणि आंबट एकत्र तापले की दूध फाटणारच, त्यामुळे सोलकढी गॅसवर चढवायची नाही. दहा-बारा आमसुले एक वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि कुस्करून गाळा, हे झाले आगळ. फिकी होण्याचे कारण जुनी, तपकिरी पडलेली आमसुले. चांगली आमसुले काळपट जांभळी आणि थोडी मऊ असतात. एका मध्यम नारळाचा चव, दोन-तीन लसणीच्या पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि एक वाटी कोमट पाणी मिक्सरला लावून पंचातून घट्ट पिळा. त्याच चोथ्यात पुन्हा वाटीभर पाणी घालून दुसरे दूध काढा. दूध पूर्ण गार झाल्यावरच आगळ थोडे थोडे घाला, चव बघत. बाजारचे आगळ खारवलेले असते, ते वापरले तर मीठ शेवटी आणि जपून. कोथिंबीर हवी तर वरून.

केल्यावर तीन-चार तासांत संपवा. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली सोलकढी संध्याकाळपर्यंत आंबते. खानावळीत संध्याकाळच्या जेवणाला सोलकढी मागवलीत तर ती दुपारचीच आहे का, हे विचारायला संकोच नको.

घरात निम्मे शाकाहारी आहेत. मालवणी खानावळीत त्यांनी काय खायचे? आणि मासे खाणाऱ्यांनी फसू नये म्हणून काय बघायचे?
*वाचक, सातारा*

शाकाहाऱ्यांना बटाट्याची भाजी आणि डाळ-भात मिळतो तो न सांगता आल्यामुळे. सकाळी दहाच्या आत फोन करून सांगितले तर काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळ्या किंवा वडे, कुळथाची पिठी, फणसाची भाजी हे सहज होते. मार्च ते मे मध्ये ओल्या काजूची उसळ जरूर मागा. ओले काजू घरी न्यायचे झाले तर सोललेलेच घ्या. सालातला चीक कातडी भाजतो, सोलणारेही हाताला तेल लावून बसतात. गोडात रस-शिरवाळे आणि आंबा-फणसाच्या दिवसांत फणसाचे सांदण. पातोळ्या श्रावण-भाद्रपदातल्या, हळदीची पाने तेव्हाच मिळतात. वाटप (वाटलेला मसाला) एकच असले तरी डाव वेगळा ठेवा, असे आधीच सांगा.

मासे खाणाऱ्यांसाठी तीन प्रश्न पुरतात. आज होडीचे काय आले आहे? थाळीतला तळलेला तुकडा कोणत्या माशाचा? अख्खा मासा घेतला तर तो केवढा आणि केवढ्याचा? तिसरा प्रश्न तळायच्या आधी, मासा बघून विचारायचा. कार्डावर 'बाजारभावाप्रमाणे' लिहिलेले असते आणि वाद बिलावर होतो. सुरमई-पापलेटाच्या मागे लागण्यापेक्षा हिवाळ्यात बांगडा आणि तारली घ्या. मुबलक येतात म्हणून ताजे मिळतात. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीशी सुरमईच्या कोणत्याही तुकड्याने बरोबरी करू नये, हे आमचे मत. तिरफळाची बी कडू असते, ती ताटाच्या कडेला काढून ठेवायची.

सोमवार, संकष्टी आणि श्रावणात घरगुती खानावळींत मासे नसू शकतात. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताटात आलेली सुरमई बर्फातली समजा. तेव्हा खाडीतली बोय, काळुंदर, कुर्ल्या विचारा.

डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीवाल्याने त्यांचा इतका पाठलाग केला की मजाच गेली. असेच चालते का?
*वाचक, ठाणे*

चालते, पण चालू द्यायचे की नाही हे बरेचसे तुमच्या हातात आहे. होडीवाला जवळ नेतो कारण मागच्या गिऱ्हाइकाने तसे मागितलेले असते. चढण्याआधीच सांगा : पाठलाग नको, लांबून दिसले तरी चालेल, पैसे तेवढेच देऊ. आपल्या किनाऱ्याजवळ दिसणारे डॉल्फिन बहुधा कुबडवाले, उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी फिरणारे. उड्या मारायची त्यांना फारशी सवय नाही. पाठ आणि पर दिसतो, श्वासाचा फस्स आवाज येतो आणि ते बुडतात. दिसले की पन्नास मीटर अंतरावर होडी थांबवून इंजिन नुसते चालू ठेवावे. होडी त्यांच्या पुढ्यात घालू नये, पिल्लू बरोबर असेल तर दहा मिनिटांत बाजूला व्हावे. शांत होडीजवळ ते कधी कधी स्वतःहून येतात.

वेळ सकाळी सात ते नऊ. पहाटेचा मतलई वारा पडून समुद्र सपाट असतो. अकरानंतर समुद्राकडून वारा सुटला की लाटांत पर ओळखू येत नाही आणि पोटातही ढवळते. जॅकेट अंगात घाला, मांडीवर ठेवू नका.

याच होड्यांवर आणि फेरीबोटींवर कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकण्याची चाल पडली आहे. उत्तरेतून हिवाळ्यापुरते आलेले हे पक्षी मीठ आणि तेल खाऊन पोट भरतात आणि मासे पकडणे सोडतात. नुसते बघा.

मालवणला स्नॉर्कलिंग केले, गढूळ पाण्यापलीकडे काही दिसले नाही.
*वाचक, नागपूर*

उधाणात गेला असाल. मोठी भरती-ओहोटी तळाचा गाळ ढवळते. पाण्याखालचे बघायचे तर अष्टमी ते दशमीचा भांग निवडा, म्हणजे खडकातल्या डबक्यांच्या बरोबर उलट. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वेळ सकाळची, वारा सुटायच्या आधी. हा भाग १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा आहे, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. प्रवाळावर उभे राहू नका, तो जिवंत असतो आणि बोटभर वाढायला वर्षे घेतो. मासे जमावेत म्हणून पाव टाकणाऱ्याला नको म्हणा. स्कूबा केले तर त्याच दिवशी चिपीहून विमान धरू नका, निदान अठरा तास जाऊ द्या. सर्दी असेल तर पाण्याखाली जाणेच टाळा, कानावरचा दाब सुटत नाही.

किनाऱ्यावर निळा फुगा दिसला, मुलाने हात लावला आणि रडायला लागला. काय करायला हवे होते?
*वाचक, अहिल्यानगर*

तो ब्लू बॉटल. पावसाळ्यात समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर हे किनाऱ्याला लागतात आणि मेलेलेही डसतात. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा जाड कार्डाच्या कडेने काढा, बोटांनी नको. समुद्राच्याच पाण्याने धुवा. वाळू चोळू नका, त्याने उरलेल्या डंखपेशीही फुटतात. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, वीस मिनिटे भाग बुडवून ठेवा. मोठ्या माणसाने आधी स्वतःचा हात घालून बघावा.

पाकट या चपट्या माशाचा काटा लागला तरी गरम पाणीच, पण अर्धा तास ते दीड तास, आणि नंतर दवाखाना. काट्याचा तुकडा आत राहतो. उथळ, गढूळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाललात तर पाकट आधीच सरकतो. किनाऱ्यावर पडलेला समुद्रसाप मेल्यासारखा दिसला तरी उचलू नका.

समुद्र बघून झाला. त्याच सहलीत एक दिवस आणखी काही?
*वाचक, इचलकरंजी*

चिपळूणजवळ मालदोलीला वाशिष्ठीच्या खाडीत होडीतून मगरी बघता येतात. डिसेंबर-जानेवारीत, ऊन चढल्यावर आणि ओहोटीला चिखलाचे काठ उघडे असताना त्या अंग शेकायला वर येतात. खाडीत आत पाणी किनाऱ्यापेक्षा उशिरा उतरते, त्यामुळे तृतीया ते पंचमीची सकाळ बरी. भरतीला गेलात तर काठच बुडालेला असतो.

वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत महिला बचत गट कांदळवनातून होडी फिरवतो. तिथे उलट, पाणी मध्यावर असताना जा. फार उतरले तर होडी टेकते, फार चढले तर श्वासमुळे दिसत नाहीत. पांढरी चिप्पी ओळखून घ्या, २०२० पासून ती राज्याचा कांदळवृक्ष आहे.

पक्ष्यांची आवड असेल तर सिंधुदुर्गात फळलेला वड, उंबर किंवा काजरा शोधून सकाळी त्याखाली थांबा, धनेश तिथे येतात. जानेवारी ते मे मध्ये मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला भरवतो. ढोली सापडली तरी जवळ जाऊ नका आणि जागा कुणाला सांगू नका. नर बिथरून आला नाही तर आतले सगळे उपाशी राहतात.

वाळूवर गाडी नेली तर चालते का?
*वाचक, पुणे*

नाही. कायद्याने नाही, कासवांच्या घरट्यांसाठी नाही आणि तुमच्या गाडीसाठीही नाही. ओल्या वाळूत रुतलेले चाक काढायला ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते.